जाड आरा

बाळासो मेस्त्रींच्या चाकाला आरे सहा, आणि त्यांतला एक जाड. ही गोष्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाला नव्यानं सांगायला लागत नाही. चाक म्हणजे फ्लायव्हील, मशिनच्या दांड्यावर बसतं ते जड ओतीव चाक. चरकात उसाची मोळी गेली की मशिन दबतं, आणि अशा वेळी अंगात साठवलेली गती देऊन हे चाक त्याला पुढं रेटतं. गुऱ्हाळवाला चाक न्यायला आला की आधी वाकून आरे बघायचा. पाच आरे मनगटाएवढे, सहावा दंडाएवढा, आणि त्या सहाव्याच्या बरोबर समोर चाकाच्या कडेला आतून एक टेंगूळ. दोन्ही जागच्या जागी दिसले की माल अस्सल म्हणायचा आणि टेम्पोत चढवायचा.

हा आरा जाड का, असं मात्र कुणी विचारलं नाही. चालत्या गाड्याला खीळ घालायची आपल्या माणसांना हौस नसते, आणि मेस्त्रींचं चाक तर खरोखरच चालत होतं. बाळासोंचा मुलगा अमरसिंह इंजिनिअरिंग शिकला, गुडघे दुखून बाप घरी बसल्यावर कारखाना बघू लागला, पण त्यानंही विचारलं नव्हतं. भिंतीवरचा पोपडा रोज बघून दिसेनासा होतो, तसं त्या आऱ्याचं झालं होतं.

विचारलं ते प्रियदर्शनीनं. पुण्याकडच्या, पत्रा कापायची प्रेस मशिनं करणाऱ्या एका कंपनीची ती इंजिनिअर. त्यांना चाकं हवी होती, आणि अमरसिंहला ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्यावाचून गत्यंतर नव्हतं. गुऱ्हाळं एकेक करून बंद पडत होती, भट्टी पेटण्यापेक्षा थंडच जास्त असायची, आणि शेड गोडाऊनला भाड्यानं द्यावी असं घरात उघड बोललं जात होतं. तर या बाई आल्या, चाकाभोवती एक फेरी मारली आणि नेमक्या जाड आऱ्यापाशी थांबल्या.

"हा एकच जाड का आहे?"

"लोड असतो त्याच्यावर," अमरसिंह म्हणाला.

"कसला लोड?"

अमरसिंहनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आत काहीच नाही. चाक फिरतं म्हणजे जो काही लोड आहे तो सगळ्याच आऱ्यांवर आळीपाळीनं येणार. हे शाळेतलं पोरही सांगेल. मग एकालाच जाड करायचं कारण काय? त्याला एकदम परक्याच्या कारखान्यात उभं असल्यासारखं वाटलं.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

"ओतल्यावर बारीक आरे आधी थंड होतात, जाड मागून," प्रियदर्शनी म्हणाली. "तो आकसताना बाकीच्यांना ओढतो. गुऱ्हाळाच्या वेगाला काही होणार नाही. आमच्या प्रेसचा वेग जास्त आहे, तिथं मध्याजवळ तडा जाऊ शकतो. कारण असेल तर सांगा, त्याप्रमाणे डिझाइन करू. नसेल तर काढू. पण तो मुळात कशासाठी होता ते कळायला हवं. नाहीतर काढल्यावर काय बिघडेल, हे मला कसं समजणार?"

तिचं बोलणं इतकं रास्त होतं की अमरसिंहला तिचा रागसुद्धा येईना. त्याच दुपारी त्यानं कॉम्प्युटरवर चाक पुन्हा काढलं. एकदा जाड आऱ्याचं, एकदा सारख्या आऱ्यांचं. कॉम्प्युटर म्हणाला, जाड आऱ्याचा काडीचा उपयोग नाही. पण कॉम्प्युटरनं आजवर एकही चाक ओतलं नव्हतं. मेस्त्रींची चाकं जिल्हाभर फिरत होती, आणि त्यातलं एकही कधी फुटलं नव्हतं. चाक फुटलं तर तुकडा माणसाच्या आरपार जातो. आपण आरा काढला, आणि एवढी वर्षं चाक धरून ठेवणारा तोच निघाला तर?

मग त्यानं सरळ आबांनाच विचारायचं ठरवलं. आबा म्हणजे बाळासो. जाड आरा त्यांनीच शोधून काढलेला, तेव्हा कारणही त्यांच्याच खिशात असणार.

मंगळवार पेठेतल्या घरी आबा चहा पीत बसले होते, आणि शेजारी अंबूबाई, त्याची आई, शेंगा फोडत होती.

"आबा, त्यो जाड आरा कशासाठी हो?"

आबांनी बशीतला चहा फुंकला. "ओल्या उसाचा दणका बसतो न्हवं? त्यो दणका त्यात जिरतो."

"पण दणका काय त्याच आऱ्याला शोधत येतोय व्हय?"

"तुला न्हाय कळायचं त्ये," आबा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

"बघ," आई म्हणाली. "लग्नाला म्हैना न्हवता झाला, तवा शोधून काढलाय ह्यांनी त्यो आरा. एवढी मोठी मेस्त्री मंडळी हुती, कुणाच्या टकुऱ्यात आलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विषय काढला. आई तांदूळ निवडत होती. आज आबा म्हणाले, ती खूण हाय, चाक बसवताना वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. अमरसिंह म्हणाला, खूणच करायची तर छिन्नीचा एक घाव पुरला असता, एवढं लोखंड कशाला? त्यावर आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, चाक थंड होताना तडकू नये म्हणून एक आरा जाड लागतोच. हे तर प्रियदर्शनीच्या बोलण्याच्या बरोबर उलट. आणि आईनं तिन्ही वेळा, तिन्ही कारणांना, तितक्याच अभिमानानं मान डोलावली.

अमरसिंहला कळेना, आबांचं डोकं म्हातारपणानं फिरलं की आपलं. बरं, बाकी सगळ्या गोष्टी म्हाताऱ्याला लख्ख आठवत होत्या. कुठल्या साली वाळू कुठून आणली, कुठल्या चाकाला मध्यात भोक पडलं, सगळं. फक्त आऱ्याचं विचारलं की रोज नवं शास्त्र.

मग तो बाहेर विचारत सुटला, आणि तिथं त्याचा आणखीच बोऱ्या वाजला. जयसिंगपूरच्या एका कारखानदारानं मेस्त्रींच्या चाकाची हुबेहूब नक्कल मारली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अमरसिंहनं लाज सोडून त्याला फोन लावला. "तुम्ही जाड आरा का ठेवलाय?" तो माणूस म्हणाला, "तुमचा हाय म्हणून. काय कारण हाय त्ये आमाला कळंना, तवा सुरक्षित असावं म्हणून आमी तुमच्यापेक्षा जरा जास्तच जाड केलाय." वर त्यानंच विचारलं, "पण कारण काय हो?"

सीमेकडच्या एका गावातून भरमाप्पा चाक न्यायला आला. तीन पिढ्यांचा गुऱ्हाळवाला, कपाळाला विभूती, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. त्याला विचारलं तर तो हसायलाच लागला.

"अण्णा, ह्ये तुमी मला इचारताय? घरात एक यजमान लागतोय की न्हाय? पाच जणांनी राबायचं, एकानं सांभाळायचं. त्यो चाकाचा यजमान हाय. आमची म्हातारी अव्वा हंगामाला पयला हार त्यालाच घालतीय."

"पण काढला तर?"

भरमाप्पाचं हसू मावळलं. "मग चाक आमाला नको," तो म्हणाला. आणि त्यानं नव्या चाकाच्या जाड आऱ्यावर हात फिरवून खात्री करून घेतली.

अमरसिंहचं डोकं गरगरायला लागलं. काढावा तर गुऱ्हाळवाले जाणार, ठेवावा तर पुण्याचं काम जाणार, आणि तो आहे कशाला ते ज्याला ठाऊक तो बाप रोज वेगळं सांगणार. आगीतून उठून फुफाट्यात, असली गत. प्रियदर्शनीचा फोन आला की तो "चालू आहे अभ्यास" म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच शरम वाटायची.

शेवटी एका शुक्रवारी आई अंबाबाईच्या देवळात गेली होती, तेव्हा त्यानं आबांना गाडीत घातलं आणि कारखान्यात आणलं. आता चाकासमोर उभं करूनच विचारायचं, असा त्याचा बेत. आबा काठी टेकत आत आले, भट्टीकडं बघितलं, वाळूची मूठ घेऊन दाबून बघितली. मग मागं वळून फाटकाकडं बघत म्हणाले, "तुझी आई कुठाय?"

"देवळात गेल्या."

"हितं न्हाय न्हवं येणार?"

"न्हाय की. का?"

आबा सरळ पॅटर्नच्या खोलीत गेले. पॅटर्न म्हणजे चाकाचा लाकडी नमुना, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात लोखंड ओततात. आता काम ॲल्युमिनियमच्या पॅटर्नवर चालायचं, पण तो ज्याच्यावरून केला तो पहिला लाकडी पॅटर्न अजून भिंतीला टांगलेला होता, लाल रंगाचे कैक थर अंगावर घेऊन. आबांनी गाडीची किल्ली मागितली आणि तिच्या टोकानं एक बारीक आरा खरवडला. रंगाखालून काळसर तांबूस लाकूड निघालं.

"काय हाय?"

"सागवान."

मग त्यांनी जाड आरा खरवडला. खालून पिवळं लाकूड निघालं.

"फणस," अमरसिंह म्हणाला. त्याला अजून काही उमजेना. "ह्येच्यात काय विशेष?"

आबा स्टुलावर बसले. गुडघा चोळत चोळत, भिंतीकडं बघून बोलायला लागले.

"पॅटर्न तुझ्या आज्ज्यानं केलेला. सहाच्या सहा आरे सारखे. एक जरा ढिला झालावता म्हणून मी काढून परड्यात बंबाजवळ ठेवला, सांजंला बसवू म्हणून. तुझी आई नवी नवरी. सासऱ्याच्या अंघोळीला पाणी तापवायचं हुतं. आपल्याकडं बंबात लाकडाची तुकडंच घालायची, कारखान्यात पडल्याली. तिनं बघितलं, बरं वाळल्यालं लाकूड हाय. घातलं."

अमरसिंह उभा होता तो खाली खोक्यावर बसला.

"मी सकाळी राख काढली, तर त्यात आऱ्याचं स्क्रू. तुझा आज्जा हंबीरराव म्हंजी जमदग्नी. सुनेनं पॅटर्न जाळला म्हणून कळतं, तर तिला त्याच पावली बिद्रीला धाडली असती, माहेरी. आणि ती पोरगी दारात उभी, पाणी तापलंय म्हणून सांगायली, हसून. मग मी म्हणलं, आरा मीच काढून टाकलाय, त्यो कमजोर हुता."

"मग सारखाच बसवायचा की. जाड कशाला केला?"

"लेका, सारखाच बसवला असता, तर म्हातारा म्हणला असता, चांगला आरा काढून परत तसलाच का बसवलास? म्हणून हाताला लागल्याल्या फणसाचा जाड केला. जाड केला म्हणल्यावर त्याला कारण लागलं. कारण सांगितलं, तर चाक एकीकडं झुकायला लागलं. मग समोर टेंगूळ दिलं. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या, दीडशहाणा म्हणला, वरीसभर माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाय. पण चाक चाललं, आणि त्येचा हट्ट मोडला."

"आणि आईला?"

"तिला अजून म्हाईत न्हाय."

"एवढी वर्षं? आज्जा जाऊनसुद्धा जमाना झाला."

"तवर तिनं बिद्रीला जाऊन सगळ्या गावाला सांगितलंवतं की," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "जावयानं चाकात सुधारणा केली म्हणून सासऱ्यानं मला फेटा बांधला, माणसं जेवायला घातली. फेटा डोक्यावर घेऊन काय सांगू, की तुझ्या बंबात गेला म्हणून? आता तर ती माझ्यापेक्षा जास्त इंजिनिअर झालीय त्या आऱ्याची."

अमरसिंहला हसावं की रडावं ते कळेना. आपण रात्रंदिवस डोकं फोडलं, कॉम्प्युटर राबवला, जयसिंगपूरच्या माणसानं घाबरून आणखी लोखंड घातलं, भरमाप्पाच्या घरी त्याला हार पडतो, आणि मुळात काय, तर अंघोळीचं पाणी. त्याला बापाचा राग आला. पण राग पुरता चढायच्या आत त्याच्या डोळ्यांपुढं ती परड्यातली नवी नवरी आली, आणि तो राग कुठल्या कुठं गेला. आई समोर असली की आबा रोज नवं शास्त्र का सांगायचे, तेही आता कुठं त्याच्या टाळक्यात शिरलं.

"आता काढ त्यो," आबा म्हणाले. "पुण्याचं काम जाऊ देऊ नगंस. फक्त तुझ्या आईला काय सांगायचं त्ये तू बघ. मी लई सांगितलं."

अमरसिंहनं प्रियदर्शनीला फोन केला. "कारण सापडलं. ते चाकाचं नव्हतं, आमच्या घरचं होतं. जुना पॅटर्न खरवडून बघितलाय. चाकाला त्याची गरज कधीच नव्हती."

"घरचं म्हणजे?" तिनं विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "राहू दे. गरज नव्हती हे नक्की ना?"

"नक्की."

सहा सारख्या आऱ्यांचं पहिलं चाक ओतलं गेलं. ते तपासायला प्रियदर्शनी आली. दोन समांतर रुळांवर चाक ठेवून तिनं ते हातानं फिरवलं. हात काढला तिथं ते निमूट थांबलं, कुठल्याही बाजूला झुकलं नाही. काम मिळाल्यात जमा होतं. अमरसिंहचा जीव भांड्यात पडतोय तोवर फाटकातून अंबूबाई आली, हातात ताट घेऊन, आणि मागून आबा. नव्या मालातलं पहिलं चाक बाहेर जायच्या आधी तिनं त्याच्या जाड आऱ्याला हळदकुंकू लावायचं, ही या घरातली रीत. अमरसिंह एवढा विचार करून बसला होता, पण रीत विसरला होता.

अंबूबाईनं कुंकवात बोट बुडवलं आणि आरे बघितले. मग चाकाला एक फेरी घातली. मग उलटी फेरी घातली. बोट तसंच हवेत.

"ह्यातला कुठला?" ती म्हणाली.

आबा वाळूच्या ढिगाकडं बघायला लागले.

"जाड आरा कुठाय, अमर?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काढलासा? का काढलासा? काय चुकलंवतं त्यात?"

अमरसिंह एरवी उगाच काही ठोकून देणारा नव्हता. त्याला आकडा लागायचा, पुरावा लागायचा. तो आईच्या हवेतल्या बोटाकडं बघून म्हणाला, "चुकलं न्हाय काय. ह्ये मशिन लई वेगात फिरतं, आई. हितं सगळ्या आऱ्यांनी सारखं ओढायचं असतंय. गुऱ्हाळाचं चाक संथ, त्येला ओल्या उसाचा दणका. तितं जाड आराच लागतो. त्यो हाय तसाच ऱ्हाणार. त्याला हात लावायचा न्हाय कुणी."

बोलता बोलता त्याला कळलं की आपण हुबेहूब आबांसारखं बोलतोय. आणि यापुढं, आई आहे तोवर, गुऱ्हाळाच्या प्रत्येक चाकात आपण ते फुकटचं लोखंड ओतत राहणार.

अंबूबाईची खात्री पटेना. ती प्रियदर्शनीकडं वळली. "पोरी, तू शिकल्याली हाईस. ह्यो खरं सांगतोय न्हवं? गुऱ्हाळाला लागतो न्हवं त्यो?"

प्रियदर्शनीनं अमरसिंहकडं बघितलं, मग पाठमोऱ्या आबांकडं. कारण कळल्याशिवाय पाऊल न उचलणारी ती बाई. "लागतो, काकू," ती म्हणाली. "गुऱ्हाळाला लागतोच."

"तरी म्हणलं," अंबूबाई म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. तिनं सहाच्या सहा आऱ्यांना कुंकू लावलं. मग प्रियदर्शनीचा हात धरला. "चल, तुला ह्यांनी केल्याला पयला आरा दावते. आत टांगलाय. माझ्या डोळ्यांदेखत केलाय ह्यांनी."

अमरसिंहला एकदम आठवलं. पॅटर्न खरवडलेला तसाच भिंतीवर होता. एकाखाली सागवान, एकाखाली फणस. ठरवून सुधारणा करणारा मेस्त्री सागवानाला फणस जोडत नाही, आणि आपण बंबात घातलं ते सागवान होतं, हे तिला आठवायला वेळ लागला नसता. लाकडं ओळखण्यात सुताराची लेक असलेल्या अंबूबाईचा हात कुणी धरला नसता.

"काकू, आधी चहा घेऊया का?" प्रियदर्शनी त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली. "प्रवासानं डोकं धरलंय."

अमरसिंह आत धावला. कोपऱ्यातला लाल रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि खरवडलेल्या दोन्ही आऱ्यांवरून फिरवला. पिवळं लाकूड रंगातूनही डोकावत राहिलं. दाराशी काठीचा आवाज आला. आबा उभे होते.

"एका हातात झाकत न्हाय त्ये," ते हळूच म्हणाले. "दुसरा मार. मी बी दोनच मारलंवतं."

त्यानं दुसरा हात मारला. ब्रश ठेवतोय तोच अंबूबाई कुंकवाचं ताट घेऊन आत आली, प्रियदर्शनीला ओढतच.

"बघ पोरी, ह्योच त्यो," ती म्हणाली आणि जाड आऱ्यावर बोट टेकवलं. बोट लालभडक निघालं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, आऱ्याकडं बघितलं, मग एकदा नवऱ्याकडं आणि एकदा मुलाकडं. अमरसिंहच्या मनगटावरही लाल ओघळ आला होता.

"रंग ओला हाय की," ती म्हणाली.

"आजच दिलाय, आई," अमरसिंह म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून."

अंबूबाईनं बोट पदराला पुसलं नाही. पुन्हा कुंकवात बुडवलं आणि त्याच जागी, अलगद, दुसऱ्यांदा टेकवलं.